मायच्या पाठीवरची पट्टी

माझी माय इटियाडोह धरणाकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी लोकांना जन्मातली पहिली सुई तिनंच टोचलेली. निवृत्तीनंतर ती विसरू लागली. आधी भाजीतलं मीठ, मग घराचा रस्ता. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून अल्झायमर असल्याचं सांगितलं.

मी पेपरात नव्या इंजेक्शनाबद्दल वाचलं होतं, तेच विचारलं. बाई म्हणाल्या, "मेंदूत साचलेलं प्रथिन ते काढतं, आजार जरा सावकाश वाढतो. पण ते अगदी सुरुवातीलाच देतात. मावशींचा आजार पुढे गेलाय. शिवाय मेंदूत सूज, रक्तस्राव होण्याचा धोका असतो."

माय एकदम पुढे सरकली. "शिरेत देता का दंडात?"

"शिरेत, सलाईनमधून."

"द्याचं नाही तं मंग कायले सांगून राहिल्या?"

बाई इतक्या हसल्या, की बाहेरच्या पेशंटनं आत डोकावलं.

बाईंनी आधी दिलेल्या गोळ्यांनी मायला मळमळायचं, म्हणून पाठीवर चिकटवायची औषधाची पट्टी मिळाली. रोज जुनी काढून नवी दुसऱ्या जागी लावायची. "यानं आजार जाणार नाही, दिवस थोडे सोपे होतील," बाई म्हणाल्या. "आणि त्यांना माणसांत ठेवा."

पहिले काही दिवस माय पट्टी ओरबाडून काढायची. शेवटी मी नवी पट्टी आणि पेन तिच्यापुढे धरलं. "सिस्टर, तारीख टाका." तिनं रजिस्टरातल्यासारखी सुबक तारीख टाकली आणि पाठ माझ्याकडे केली. मग ओरबाडणं थांबलं.

काही महिन्यांत ती जराशी सावध वाटू लागली. लसीकरणाच्या दिवशी मी तिला अंगणवाडीत नेलं. एक तान्ही पोर हातपाय झाडत होती, तिची आई घाबरलेली.

"आण, माह्याजवळ दे." मायनं पोरीला मांडीवर घेतलं, पाय हलकेच दाबून धरला, तोंडावर फुंकर घातली. नव्या सिस्टरनं सुई टोचली. पोर एकदा किंचाळली आणि मायचा पदर मुठीत धरून शांत झाली.

"रडून कायले राहिली बाई? झालं नं!"

परतताना तिनं मला विचारलं, "तू कोणत्या सेंटरची?"

तिचा चेहरा इतका खुललेला, की मीही हसले. "तुमच्याच."

आता 'आज लसीकरण आहे' एवढं म्हटलं, की ती केस विंचरून माझ्याआधी दारात उभी.