अथानाते

सत्तरी ओलांडल्यावर ग्रीक शिकायला बसलेला माणूस आमच्या तळेऱ्यात एकच. हायस्कुलात त्यांनी मला संस्कृत शिकवलं होतं. पण निवृत्तीनंतर गाव त्यांना ‘ग्रीकसर’ म्हणू लागलं. नाक्यावर माझं टायपिंगचं दुकान आहे. दर सोमवारी ते प्राचीन ग्रीकचे हाताने लिहिलेले धडे आणून माझ्याकडून छापून घेत. शिकणारे तेच, शिकवणारेही तेच.

बाजारात ते मालवणी बोलत, व्याकरण मात्र पुस्तकी मराठीत. “नामाचं लिंग बदललं की विशेषणाने रूप बदलायचं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा छापलेली पानं द्यायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा सर ‘अथानातोस’वर अडले होते. ‘अ’ म्हणजे नाही, ‘थानातोस’ म्हणजे मृत्यू, आपला ‘अमर’.

“पण अशा जोडून झालेल्या विशेषणाला स्त्रीलिंगाचं वेगळं रूप नसतं. पुरुषही अथानातोस, बाईही अथानातोस.”

त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, फणसाच्या आठळ्या सोलत ऐकत होत्या. “बायलमाणसाक वेगळां रूप नाय? तुमच्या ग्रीकांका बायको नाय होती काय?”

“नियम आसा तो,” सर म्हणाले. त्यांच्या घरात नियमापुढे बोलणं संपत असे.

दोन वर्षांनी काकींना कणकवलीच्या दवाखान्यात ठेवलं. सर उशाशी पुस्तक घेऊन बसत. एका दुपारी मी पेज घेऊन गेले, तर ते काकींच्या कानाशी वाकलेले.

“गो, मी चुकलंय. जुन्या कवींनी नियम मोडून बायलमाणसासाठी रूप केलेलां आसा. अथानाते.”

काकींनी डोळे उघडले. “मगे तां माझ्या नावाफुडे लिवा.”

दोघंही हसली. मला ती थट्टाच वाटली.

आठवड्याभरात काकी गेल्या. बाराव्याच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन सर दुकानात आले, बरोबर त्यांचे मेहुणे. नावाआधी ‘कै.’ नव्हतं. ‘अथानाते’ होतं.

मेहुणे वैतागले. “ह्यां काय? लोक काय म्हणतले?”

“इचारतले,” सर म्हणाले. “मगे सांगान.”

मी अक्षर न बदलता छापलं.

लोकांनी खरंच विचारलं. बाराव्याला सर मांडवाच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येकाला पहिल्यापासून समजावत होते. ‘अ’ म्हणजे नाही. ‘थानातोस’ म्हणजे मृत्यू. तिथवर आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत असे. मग बाईसाठी शेवटी ‘ए’ येतो, हे सांगताना ते थांबत. आत पानं वाढलेली होती. पण त्यांना कोणी घाई केली नाही.