टाक्यांनी शिकवलेली किक

किक मारण्याआधी तो वाकून चेंडूला हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा. पंच खेकसायचे, आम्ही हसायचो. त्याचं उत्तर ठरलेलं. "पाय लावायचाय ना त्याला. आधी पाया पडलेलं बरं."

हिंगोलीच्या कॉलेजात तो आमच्या फुटबॉल संघाचा कप्तान होता, औंढ्याकडच्या एका तांड्यावरचा. तुमच्याही कॉलेजात असा एखादा असेल, ज्याची किक बघायला टपरीवरची माणसं चहा सोडून उठायची. मी आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची, म्हणून मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहायचो. बाहेर गेलेला चेंडू मी आणून द्यायचो. त्यातूनच त्यानं मला संघात कधी ओढलं, कळलंच नाही.

त्याच्या शेवटच्या वर्षी, सामने तोंडावर आलेले असताना, त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खेळायला बंदी घातली. त्याची जागा मला मिळाली, आणि माझी किक तर अर्ध्या मैदानातच मरायची.

तो पोट धरून रोज मैदानावर येऊ लागला. वाकता येत नव्हतं, म्हणून मी चेंडू उचलून त्याच्यापुढे धरायचो. तो हात लावून कपाळाला न्यायचा, मगच मला किक मारू द्यायचा.

एके दिवशी त्यानं हळूच सांगितलं, की सकाळी कुणी नसताना त्यानं किक मारून पाहिली. "पाय हालला बी नव्हता, अन् टाके आधीच ताणले. तवा कळलं, किक पोटातून निघती. इतकी वरसं मी नुसती पायाला शाबासकी देऊन राहिलो."

तेव्हापासून तो माझ्या पायाकडे बघेनासा झाला. माझ्या पोटावर तळहात ठेवायचा. पोट सैल लागलं की म्हणायचा, "गोफण काय नुसत्या हातानं फिरवतो का रे?" ज्वारीत पाखरं राखलेल्या मला ते लगेच कळलं. दगड हातातून सुटतो, पण जोर कमरेतून येतो. डावा पाय चेंडूशेजारी रोवायचा, गुडघा जरासा वाकवून. उजवा पाय मागे गेला की मांडी पुढून ताणते. तेव्हाच पोट आवळायचं. मग कंबर फिरते, मांडी सुटते आणि तिच्यामागून गुडघ्याखालचा पाय झटक्यात येतो. लिहायला सोपं आहे. मला कितीतरी दिवस वर्गाचा जिना चढवत नव्हता.

सामन्यात आम्ही एका गोलनं मागे होतो. वेळ संपता संपता फ्री किक मिळाली. मी वाकलो, चेंडूला हात लावला, कपाळाला नेला. पंच खेकसले. चेंडू सुसाट गेला, गोलच्या वरच्या दांडीवर आदळला आणि परत आला. शिट्टी झाली. आम्ही हरलो.

मान खाली घालून मी त्याच्याकडे गेलो, तर तो पोट धरून वाकलेला. मी घाबरून विचारलं, तकलीफ होतेय का.

"तू पाय मागं नेला, अन् माझंच पोट आवळलं," तो कण्हत हसला. "लई दुखलं रे. म्हंजे किक बराबर होती."

परीक्षा झाली आणि तो तांड्याकडे गेला. पुढे कामासाठी पुण्याकडे गेल्याचं ऐकलं. पुन्हा भेट नाही. कॉलेजच्या मैदानावरून जाताना अजून पावलं थांबतात. कुठलंसं अनोळखी पोरगं धावत येतं, पाय मागे नेतं, आणि इकडे माझं पोट आवळतं.