सरकारी जीपचं डावं दार

साल दोन हजार चोवीस. माझं वय अडुसष्ट. शाळा चौथीपर्यंत, पण हे मी स्वतः लिहितोय, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. भूत, करणी असलं काही मी जन्मात मानलं नाही. मेढ्याच्या घाटातनं आयुष्यभर एकट्यानं गाडी चालवली... कधी काही दिसलं नाही.

मी सरकारी ऑफिसात ड्रायव्हर होतो. लोकांना वाटतं, लिलावातल्या गाड्या म्हणजे चोरीच्या, नाहीतर अपघातातल्या. तशाही असतात. पण बऱ्याच गाड्या आमच्यासारख्यांच्या हाताखालनं येतात — पंधरा वर्षं उलटली की साहेब सही करतो, गाडी बाद. माझी जीप तशीच. मी रिटायर झालो आणि तिची सांगलीला बदली झाली.

आमची मालकीण, शारदा, जीपला सवत म्हणायची. "आवं, माज्यापरास तिचीच लय काळजी तुमाला!" असं म्हणायची आणि जुन्या लुगड्याचं फडकं घेऊन स्वतःच तिला धुवायची. पण मी शारदाला एकदाही जीपमध्ये बसू दिलं नाही. सरकारी गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, हा माझा नेम. त्याचा तोरा अख्ख्या ऑफिसात मिरवायचो.

दोन हजार अकराला, भरदुपारी तिच्या छातीत कळ आली. साहेब रजेवर, जीप क्वार्टरच्या दारात उभी. उंबऱ्यावर बसून ती म्हणाली, "गाडी हाय की दारात."

मी म्हणालो, "दम धर, वडापची रिक्षा बोलावलीय."

रिक्षा तासानं आली. साताऱ्याच्या दवाखान्याकडं निघालो, पण सातारा दिसायच्या आत शारदा गेली...

लेकीला, अलकाला सांगितलं, जीप साहेबांबरोबर दौऱ्यावर होती. तेरा वर्षं तेच सांगत आलो.

सांगलीत, विश्रामबागेत एका ऑफिसच्या आवारात जीपचा लिलाव आहे असं कळलं, म्हणून बघायला गेलो. घ्यायला नव्हे, शेवटचं बघायला. टायर बसलेले, बॅटरी काढलेली. भंगारवाले फिरून माल बघत होते. पहारेकरी म्हणाला, "आबा, डावं दार गंजून बसलंय. पहार लावली तरी हललं न्हाई. उजवीकडनं चढा."

चढलो. स्टेअरिंग धरलं, आणि तोंडातनं निघून गेलं — "चल शारदा, साताऱ्याला जाऊ."

डावं दार वाजलं.

ते दार आधी जरा उचलायचं, मग ओढायचं, तरच लागायचं. ही खुबी मला ठाऊक, आणि धुता धुता तिला कळलेली. अगदी तसंच वाजलं... आधी कुरकुर, मग खाडकन. गाडी डावीकडं अंमळ दबली. शेजारी बघितलं. कोणी नाही.

तेवढ्यात एक भंगारवाला काचेवर टकटक करून म्हणाला, "काय आबा, जोडीनं फिराय निघालाय व्हय? काकीला आदी उतरवा, तिकडचा स्प्रिंगचा पाटा तुटलाय!"

"कोण काकी रं?"

तो हसत वाकला, आत बघितलं, आणि त्याचं हसू गेलं. "आत्ता हितंच बसल्या हुत्या... मांडीवर फडकं घिऊन." मागं सरून तो निघून गेला.

उतरलो आणि दोन्ही हातांनी ते दार ओढलं. जाम. जीप त्याच दिवशी विकली गेली, तोडायला.

उन्हानं झालं असेल, वयानं झालं असेल, काहीही म्हणा. मग त्या माणसाला फडकं कसं दिसलं? एक मात्र खरं, ती मला काही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं कोरेगावला लेकीकडं गेलो. ती अंगण झाडत होती. "आबा, न सांगता कसं आलासा?" म्हणाली. तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि म्हणालो,

"अलके, त्या दिवशी जीप दारातच हुती."