मांडवीतली लोजबान

चार माणसं एखादं निरुपयोगी काम मनापासून करायला लागली, की किस्से आपोआप साठतात. उपयोगी कामाचे साठत नाहीत. मी अठरा वर्षं टायपिंग शिकवलं, त्यातला सांगण्यासारखा किस्सा एकही नाही. पण दोन हजार सालच्या आसपास आम्ही दीड वर्ष लोजबान शिकलो, त्यातलं काय काय सांगू असं होतं.

लोजबान ही मुद्दाम बनवलेली भाषा. तर्काला धरून, एका वाक्याचे दोन अर्थ निघणार नाहीत अशी. आमच्याकडे ती आणली शौकतभाईंनी. जहाजावर इलेक्ट्रिशियन म्हणून बरीच वर्षं काढून ते रत्नागिरीला परतले आणि मांडवीत घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी कॉम्प्युटर क्लास काढला. मी तिथेच टायपिंग शिकवायचे. फोनच्या लाइनवर इंटरनेट यायचं, कधी नाहीही यायचं. एका दुपारी ते आलं आणि शौकतभाईंनी लोजबानच्या व्याकरणाची प्रिंट काढली. मधेच शाई संपली, म्हणून काही पानं कोरीच आली.

त्यांनी ही गोष्ट पालव सरांना सांगितली. सरांनी हायस्कुलात पस्तीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलेलं. या व्याकरणात एकही अपवाद नाही, असं ऐकल्यावर ते म्हणाले, "पस्तीस वर्षं मी अपवादच शिकवले हो." आणि पुढच्या रविवारी मुलीला घेऊन हजर झाले. मुलगी म्हणजे मुग्धा, कॉलेजात लॅब असिस्टंट. पाचवा आमचा प्रशांत. कॅनिंगच्या कारखान्यात नोकरीला, पूर्णगडहून एसटीने यायचा.

लोजबानमध्ये 'मी'ला 'मी'च म्हणतात. त्यामुळे आम्हाला वाटलं, सोपं आहे.

*

पहिल्याच रविवारी नावांवर गाडी अडली. नाव व्यंजनावर संपलं पाहिजे, असा नियम. मी सुनंदा, म्हणून मागे 'स' लावून मला 'सुनंदास' केलं. सर म्हणाले, ही तर तुमची चतुर्थी झाली, आता तुम्हाला कोणीतरी काहीतरी द्यावं लागेल.

मग सरांची पाळी आली. पालव. व्यंजनावर संपतंय, म्हणून सर निश्चिंत होते. शौकतभाईंनी पुढचा नियम वाचला. 'ला' हा शब्द पुढे नाव येतंय असं सांगण्यासाठी राखीव आहे, तेव्हा नावाच्या आत तो चालत नाही. आणि त्या भाषेत 'ल' काय नि 'ला' काय, एकच.

"म्हणजे काढायचा?" सरांनी विचारलं.

शौकतभाईंनी फळ्यावरचा 'ल' पुसला. उरलं ते आम्ही सगळ्यांनी वाचलं आणि कोणी कोणाकडे बघेना. शेवटी सरच उठले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "नियम म्हणजे नियम. मी पाव."

*

हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारायचा तर वाक्याआधी 'ख़ू' म्हणायचं. हा 'ख़' घशातून, खरवडून काढायचा. शौकतभाईंना तो लहानपणापासून येत होता, मदरशातल्या मौलवींनी घासून घेतलेला. सरांना काही केल्या जमेना. शौकतभाईंनी त्यांना सांगितलं, रोज सकाळी अंगणात उभं राहून पन्नास वेळा म्हणा.

सरांनी आठवडाभर इमानेइतबारे म्हटलं. आठव्या दिवशी शेजारच्या वत्सलाकाकू अडुळशाचा काढा घेऊन आल्या. सरांनी त्यांना भाषा, घसा, उच्चार सगळं समजावून सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि मुग्धाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दोन वेळा दे गो. डोक्यात गेलाय कफ."

*

याच वत्सलाकाकूंमुळे आम्हाला 'क्लामा' कळला. क्लामा म्हणजे जाणं. पण या क्रियापदाला पाच जागा असतात : कोण जातं, कुठे, कुठून, कोणत्या वाटेने आणि कशाने. पाच जागा लक्षात ठेवायच्या म्हणजे फारच झालं, अशी प्रशांतची तक्रार होती.

एकदा तो सरांकडे आला तर काकू फाटकात उभ्या. कुठे निघालास, आलास कुठून, वरच्या रस्त्याने आलास की पाखाडीच्या पायऱ्या उतरून, आणि एसटी मिळाली की चालत? सगळं एका दमात. प्रशांत आत येऊन म्हणाला, पाठ झालं.

*

एका रविवारी 'आम्ही'चा धडा होता. ऐकणाऱ्याला धरून 'मिहो', ऐकणाऱ्याला सोडून 'मिहा'. परदेशातले लोक इथे फार अडखळतात, असं प्रिंटमध्ये लिहिलं होतं. आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' असतानाही आम्ही त्यावर तासभर वाद घातला. जेवायची वेळ उलटून गेली.

शौकतभाईंची आई दारात येऊन म्हणाली, चला, आपण जेवून घेऊ. शौकतभाई तिला कौतुकाने सांगायला लागले, की आई, तू आत्ता 'मिहो' वापरलंस. तिने पदराला हात पुसले.

"आम्ही जेवतो म्हटलं असतं, तर ही माणसं उठून गेली असती की नाही? यात शिकायचं काय आहे?"

तो धडा तिथेच संपला. बांगड्याचं कालवण होतं.

*

'गोही' म्हणजे 'आधीचं वाक्य तसंच'. कोणी काही म्हटलं आणि ते खरं असलं, की गोही म्हणून मोकळं व्हायचं.

प्रशांतने मांडवीच्या जेटीवर मुग्धाला गाठून लोजबानमध्ये सांगितलं, "मी प्रामी दो." माझं तुझ्यावर प्रेम आहे. मराठीत सांगायचं धाडस त्याला वर्षभर झालं नव्हतं. मुग्धाने पर्समधून बसचं तिकीट काढलं, मागे दोन शब्द लिहिले, त्याच्या हातात दिलं आणि ती निघून गेली. 'गोही राहो.'

गोही त्याला ठाऊक होतं. 'राहो' त्याच्या प्रिंटमध्ये कोरं गेलेलं. त्याने मराठीतलाच अर्थ लावला : खरंय तुझं, पण राहू दे. दोन रविवार तो आलाच नाही. तिसऱ्या रविवारी मी सरांकडे बसले होते, तेव्हा उतरलेला चेहरा घेऊन आला. प्रिंटमध्ये कोरी गेलेली ती पानं फक्त सरांनी कुठूनतरी छापून मिळवली होती. त्याने तिकीट मुठीत ठेवलं आणि विचारलं, सर, 'राहो' म्हणजे काय?

सर खुलले. म्हणाले, बोलणारा बदलला, की मागच्या वाक्यातला 'मी' म्हणजे आता बोलणारा आणि 'तू' म्हणजे त्याच्या समोरचा, याची ती खूण. पण नुसत्या 'गोही राहो'ला अर्थ नाही. आधीचं वाक्य सांग, मग उलगडून दाखवतो.

प्रशांतचे कान लाल झाले. तो माझ्याकडे बघायला लागला.

"वाक्य, प्रशांत."

"मी प्रामी दो," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि गोही राहो कोण म्हणालं?"

स्वयंपाकघराच्या दारातून मुग्धा म्हणाली, "मी, बाबा."

सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"वाक्य शुद्ध आहे," ते म्हणाले.