सासूबाईंचं नाव, म्हणे

नात झाली त्या आठवड्यातली गोष्ट. कॅनडात, मार्कहॅमच्या घरी मी सुनेसाठी डिंकाचे लाडू वळत होते आणि मुलगा समोर लॅपटॉप घेऊन 'विजय' अर्थाची जगभरातली नावं वाचून दाखवत होता. मूळ लॅटिन व्हिक्टोरिया, इटलीत व्हित्तोरिया, फ्रेंचमध्ये व्हिक्तुआर, तुर्कांकडे झफेर, ग्रीकांची तर नीकी नावाची देवीच.

"आणि आपल्याकडे विजया. पणजीचं नाव. व्हिक्टोरिया फॉर स्कूल, विजया फॉर होम. बाबा विल लव्ह इट, आई."

लाडू हातातच फुटला. पणजी म्हणजे माझ्या सासूबाई. आणि विजया हे माझं माहेरचं नाव. दसऱ्याला जन्मले म्हणून वडिलांनी हौसेनं ठेवलेलं. सासूसुनेचं नाव एकच कसं चालेल, म्हणून लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं दुसरंच लिहिलं. मला विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. तेच पासपोर्टवर, तेच इथल्या नोकरीत. मी एकुलती एक. आईवडील मुलगा व्हायच्या आधीच गेले, मग विजया म्हणून हाक मारणारं कोणी उरलंच नाही. मुलाला सांगायला हवं होतं, पण त्याचा फुललेला चेहरा बघून जीभच रेटली नाही.

रात्री जेवताना ह्यांना विचारलं, "विजया कोणाचं नाव हो?"

"आईचं."

"आणि माझं?"

हे दोन घास विचारात पडले. "अरे हो की. मग बरंच झालं. पण आईचं म्हणूनच सांगू, लोकांना समजावत कुठे बसायचं?" आणि विंटर टायर्स कधी लावायचे ते विचारू लागले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं ह्या माणसाच्या मागे दारातला बर्फ शव्हल केला मी. ताट आपटून उठले. ह्यांना वाटलं, भाजीत मीठ कमी पडलं.

बारसं मुलाच्या काँडोच्या इमारतीतल्या पार्टी रूममध्ये झालं. मुलाला बहीण नाही, म्हणून आत्याचा मान माझ्याकडे आला.

"आईचं नाव नीट सांग हं," हे मागून म्हणाले.

मी पाळण्यावर वाकले. तिच्या कानाला ओठ लावून कुर्र केलं.

"विजया," मी म्हटलं. "माझं आहे. सांभाळ."