स्टेजकडे पाठ

मोखाड्याच्या डोंगरात, सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात पाणी आटायचं. आई-बाप वीटभट्टीवर, घरात मी आणि पाण्याचा रिकामा निळा ड्रम. तो बडवतच मी वाजवायला शिकलो. पुढे जव्हारला कॉलेजात गेलो, घरातला पहिलाच. तिथे एका क्लार्कच्या मुलाकडे गिटार होती. त्याने मोबाइलवर पंक ऐकवलं: मोजके सूर, मोठा आवाज आणि राग. म्हटलं, राग आपल्याकडे भरपूर आहे. माझा मामेभाऊ तारपा वाजवायचा. भोपळ्याचं ते फुंकायचं लांब वाद्य त्याने गिटारीशी भिडवलं आणि आमचा बँड झाला. टँकरवर, भट्टीवर गाणी केली. मिळेल त्या जीपने नाशिक गाठलं, मग पुणे, मुंबई.

पाड्यावर तारपावाला मधे असतो. नाचणारे त्याच्याभोवती फिरतात, त्याला पाठ दाखवत नाहीत. पुण्यात भाऊ वाजवता वाजवता स्टेजवरून खाली उतरला. शहरातल्या पोरांनी आपोआप त्याच्याभोवती गोल धरला. मग लोक त्या गोलासाठीच यायला लागले. मला ड्रममागून नुसत्या पाठी दिसायच्या.

एकदा परतताना जीपमध्ये गिटारवाला भावाला म्हणाला, "आम्ही दोघं काय मांडव राखायला येतो? यापुढे तू वरच उभा राहा, माइकसमोर."

"खांबाला बांधल्यागत?" भाऊ हसला. "पाय थांबला का माझा दम थांबतो, दादा."

"मग बँड पण थांबला समज."

मला दोघंही हवे होते. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्यासाठी एकदा बघतो."

ठाण्यात तो माइकसमोर उभा राहिला. पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्यात मधेच तारपा गप्प झाला. मी ठोका धरून ठेवला. सगळे आमच्याकडे तोंड करून उभे, कुणी हलेना. भावाने तारपा काखेत घेतला आणि मागच्या दाराने निघून गेला, थेट घरी. गिटारवाला मुंबईत नोकरीला लागला. पुन्हा आम्ही एकत्र वाजवलं नाही.

आता मी जव्हारला शिक्षक आहे. भातकापणी झाली की मामाच्या पाड्यावर जातो, गोलात नाचतो. भाऊ वाजवत असतो, त्यात मला गिटार ऐकू येते. त्यालाही ती ऐकू येते का, हे विचारायचा धीर होत नाही. वर्गात फळ्याकडे वळलो की वाटतं, मागे सगळे हलायचे थांबलेत.

बँड मोडण्याआधी आमच्या गाण्यांची एक रेकॉर्ड निघाली होती. मोखाड्याच्या डोंगरातला पंक बँड आम्ही उभा केला आणि शहराशहरांत वाजवला.