चिंचोक्यांची ओळ

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. ब्रह्मपुरीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या बैठकीनंतर वैनगंगेपलीकडे गडचिरोलीतही कळलं. जिल्ह्याच्या साहेबांसमोर मी ताडकन उभी राहिले आणि म्हणाले, "अहो साहेब, तुम्ही उलटं वाचून राह्यले!" सगळी खोली माझ्याकडे वळली. साहेबांनी हातातला कागद शांतपणे टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मग तुम्ही उलटं काढलं कशाला?"

कागद माझाच होता.

काम असं होतं. जंगलातल्या काही गावांच्या आरोग्य उपकेंद्रांत दर मंगळवारी टॅबच्या पडद्यावर डॉक्टरीणबाई दिसायच्या. गावातल्या बायांनी इथून विचारायचं, त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणाहून सांगायचं. पण इंटरनेट असं रडकं, की बोलणं अर्ध्यात अडकायचं. त्यातल्या तीन गावांना आधी पक्की केबल मिळणार होती, बाकीच्यांनी वाट बघायची. कोणती तीन, ते ठरवायला एका छोट्या संस्थेनं प्रत्येक उपकेंद्रात इंटरनेट मोजणारी डबी बसवली आणि त्या आकड्यांचे चार्ट काढायला मला घेतलं. डबी दोन गोष्टी मोजायची. एक वेग, म्हणजे एका दमात किती माल येतो. दुसरा उशीर, म्हणजे इकडून हाक दिल्यावर तिकडून ओ यायला किती वेळ लागतो.

मी मोठ्या हौसेनं चार्ट काढला. प्रत्येक गावाचे दोन खांब, निळा वेगाचा आणि नारिंगी उशिराचा. मागे बारीक जाळी, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दशांश चिन्हापुढे तीन-तीन आकडे. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, नारिंगी खांब जितका उंच तितकी परिस्थिती वाईट. ते कोण वाचणार? सगळ्यात वाईट उशीर आरमोरीच्या पुढच्या एका आडगावात होता. म्हणून त्या गावाचा नारिंगी खांब साऱ्या कागदात उंच, ताठ उभा. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "वा, हे गाव तर फार पुढं आहे. याला शेवटी घ्या." आणि ज्या गावाला केबल सगळ्यात आधी हवी होती, ते यादीत तळाला गेलं.

साहेब तसे भले. मला म्हणाले, "यादी आठ दिवसांनी वर जाईल. तोवर मला कळेल असं काढून आणा." मी हौ म्हणाले आणि खाली मान घालून निघाले. लाज इतकी वाटत होती, की बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मी थेट त्याच गावी गेले, कारण तिथल्या उपकेंद्राच्या सिस्टरला फोनवर सांगायची माझी हिंमत नव्हती. सिस्टर मूळची चिमूरकडची, शेतकऱ्याची पोर, बोलायला फटकळ. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वा मॅडम! आमी इथी जीव काढून राह्यलो, आन् तुमी कागदावर आमाले पयला नंबर देऊन टाकला?"

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"चुकलं त चुकलं. आता बसा आन् पाहा."

बाहेर बाया जमल्या होत्या. पहिली आत आली ती सातव्या महिन्यातली, पायांवर सूज, पदर तोंडाशी धरलेला. घरी गोंडी बोलणारी, मराठी जपून बोलणारी. टॅबवर डॉक्टरीणबाई दिसल्या. हिनं हळूच विचारलं, "पाय काऊन सुजले माहे?" आणि पुढं जे झालं, ते मी आजपर्यंत विसरले नाही. टेबलावर एका पत्र्याच्या डबीत चिंचोके होते. प्रश्न विचारून झाल्यावर तिनं एक चिंचोका उचलून टेबलावर ठेवला. त्याच्या पुढं दुसरा. मग तिसरा. पडद्यावर डॉक्टरीणबाई नुसत्या बघत होत्या, ओठ हलत नव्हते. चौथा, पाचवा, सहावा. सात चिंचोक्यांची ओळ झाली तेव्हा कुठं आवाज आला, "सूज कधीपासून आहे?"

मी सिस्टरकडे पाहिलं. ती कुजबुजली, "हे माहं डोकं. मागच्या महिन्यात हिनं असंच विचारलं. तिकून आवाज नाई. हिले वाटलं, डॉक्टरीण रागावली, अडाण्यासारखं विचारलं आपण. उठली आन् गेली. ती दारातून बाहेर गेली आन् इकडं आवाज आला, हिचा बीपी वाढला हाये, आजच दवाखान्यात आणा. रिकाम्या खुर्चीले सांगून राह्यली डॉक्टरीण! मी चप्पल न घालता धावली हिच्या मागं."

तेव्हापासून सिस्टरनं नियमच केला होता. विचारलं की चिंचोके मांडायचे आणि ओळ कितीही लांब झाली तरी उत्तर येईपर्यंत उठायचं नाही. हात कामात राहिला की मन घाबरत नाही, असं तिचं म्हणणं. पण चिंचोक्यांच्या डबीकडं बघत ती पुढं म्हणाली, "नवव्या महिन्यातली बाई कळा देत आली, त काय चिंचोके मांडत बसू मी?"

मला वाटलं, मी त्या खांबांना रंग कुठला द्यायचा म्हणून दोन दिवस घालवले, आणि या बाईनं पावशेर चिंचोक्यांत माझ्यापेक्षा चांगला चार्ट काढून ठेवला होता. इथं उंच काही नव्हतंच. प्रश्न एका टोकाला, उत्तर दुसऱ्या टोकाला, मधली ओळ म्हणजे वाट बघणं. ते उलटं वाचायची सोयच नव्हती.

घरी येऊन मी तसंच काढायला बसले. आधी आकड्यांकडे नीट पाहिलं, आणि दुसरी चूक सापडली. मी दिवसभराची सरासरी घेतली होती. पहाटे सारं गाव झोपलेलं असताना डबीला झकास इंटरनेट मिळायचं आणि ते सुख मंगळवारच्या दुपारच्या दुःखात मिसळून जायचं. मी सरासरी काढून टाकली आणि फक्त बाया समोर बसलेल्या असतात तेवढाच वेळ घेतला. मग प्रत्येक गावाची एक आडवी रेघ. डावीकडे 'विचारलं', उजवीकडे 'ऐकू आलं', मधे दर सेकंदाला एक असे एकसारखे ठिपके.

माझे अब्बा जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हे कोणासाठी हाये बेटा?"

"साहेबांसाठी."

"साहेब सायकलवर हाये असं समज. पाटीपुढं कोणी उभा राहत नाई. जाता जाता समजलं पायजे." मग मागची जाळी, चौकट आणि कोपऱ्यातलं माझं रंगीत नक्षीकाम यांच्यावर एकेक करून बोट ठेवलं. "पाटीवर दुकानाचं नाव मोठं असते का पेंटरचं?"

मला राग आला. अब्बांचं खरं असलं की मला जास्तच येतो. पुटपुटत मी सगळं पुसलं. पेंटरची पोर मी, आणि दिव्याखाली अंधार तो हाच.

अब्बांचं एवढ्यानं समाधान झालं नाही. सकाळी त्यांनी माझे दोन्ही कागद, जुना आणि नवा, आपल्या दुकानाच्या फळीवर चिकटवले. समोर वडसाकडे जाणारी जीप सवारीची वाट बघत उभी होती. अब्बांनी ड्रायव्हरला हाक मारली, "भाऊ, उतरू नको. तिथूनच सांग, यात सगळ्यात बेकार गाव कोणतं?"

जुना कागद बघून त्यानं भलत्याच ठेंगण्या खांबाकडे हात केला. नव्याकडे पाहिलं आणि हसला. "हे खालचं. बिचारा कवाचा विचारून बसला हाये, याले कोणी उत्तरच देऊन नाई राह्यलं." मग हॉर्न वाजवत निघून गेला. अब्बांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसते ब्रश धूत बसले. मी मात्र आनंदानं टाळी वाजवली.

बैठकीत मी या वेळी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं, आणि कमाल म्हणजे ठेवलं. कागद साहेबांसमोर सरकवला. त्यांनी बोट 'विचारलं' वर ठेवलं आणि एकेका ठिपक्यावरून पुढे नेऊ लागले. आडगावाच्या रेघेवर बोट बराच वेळ चालत राहिलं. शेवटी मान वर करून म्हणाले, "इतका वेळ थांबतात या बाया?"

"थांबतात साहेब," मी म्हणाले. "चिंचोके मांडत थांबतात."

ते गाव यादीत पहिलं आलं.

केबल लगेच आली असं नाही. पावसात खड्डे बुजले, पुन्हा खणले, धान कापून झालं तेव्हा कुठं जोडणी झाली. तोवर ती पाय सुजलेली बाई चिंचोके मांडूनच सगळं विचारत राहिली, वेळेवर दवाखान्यात गेली आणि सुखरूप बाळंत झाली. जोडणीनंतरच्या पहिल्या मंगळवारी सिस्टरनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा तीच बाई खुर्चीवर होती, मांडीवर टोपडं घातलेली पोरगी.

"पोरीले वरचं खायाले कवा देऊ?" तिनं विचारलं, आणि हात सवयीनं डबीत गेला. चिंचोका उचलला, टेबलावर ठेवायच्या आत डॉक्टरीणबाई बोलल्या, "सहा महिने पूर्ण होऊ दे."

तिचा हात तसाच अधांतरी राहिला. तिनं पडद्याकडे पाहिलं, चिंचोक्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. "बाई, आता याचं काय करू?"

"भाजून खाय!" सिस्टर म्हणाली. बाहेरच्या बाया खो खो हसल्या, तीही हसली. मला रडू आलं, अगदी पदरानं डोळे पुसावे लागले. सिस्टर माझ्यावर डाफरली, "तुमी काऊन रडता आता? झालं न काम!"

उठायची घाई मात्र त्या बाईला दिसत नव्हती. दर खेपेला एक प्रश्न विचारून ती उठायची. आज तिनं पोरीच्या सर्दीचं विचारलं. मग टोचल्यावर येणाऱ्या तापाचं. मग स्वतःच्या कमरेचं. पदर केव्हाच तोंडावरून खाली आला होता. डॉक्टरीणबाईंनी शेवटी विचारलं, "अजून काही आहे का?"

तिनं पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि खुर्ची पुढं ओढली.

"हौ," ती म्हणाली, "हाये न."